पाचव्या प्रश्नाचे पाच गुण

शेरा लिहायला गणिताच्या बाईंना कधी वेळ लागला नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो प्रगतिपुस्तकं हातावेगळी केली असतील. पुस्तक उघडायचं, चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, दोन शब्द ओढायचे, की पुढचं. 'हुशार, पण आळशी.' 'मेहनती, नीटनेटकी.' 'डोकं चांगलं, लक्ष नाही.' 'अक्षर सुंदर, नियमित.' हेडसर कौतुकानं म्हणायचे, "बाई, तुमचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." बाईंना ते पटायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्यातून मुलींच्या शिक्षणावर बोलायचं असलं की शाळेच्या त्या हुकमी वक्त्या. कॉलेजात गणिताच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, प्राध्यापक म्हणायचे मुलींनी निदान अक्षर तरी वळणदार काढावं, आणि मी पहिली येऊन दाखवलं, ही गोष्ट त्या दर वर्षी व्यासपीठावरून सांगत आणि मुली दर वर्षी टाळ्या वाजवत. गोष्ट शंभर टक्के खरी होती. पण दिव्याखाली अंधार असतो तो दिव्याला थोडाच दिसतो!

त्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं दहावीनंतर गणिताचा खास वर्ग काढला. दोन वर्षं, राहणं-जेवण तिथंच, शिकवायला नामांकित माणसं. प्रत्येक शाळेनं एकच नाव पाठवायचं होतं. अट अशी, की नुसते गुण पाहू नयेत, 'उपजत बुद्धी' पाहावी, आणि ती विषयशिक्षकानं स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावी. पत्रक शुक्रवारी दुपारी जायचं होतं.

बाईंनी सोमवारी मधल्या सुट्टीत, चहा गार व्हायच्या आत, ते भरून टाकलं. नाव घातलं रॉकेटचं. रॉकेट म्हणजे दहावी 'अ' मधला शेवटच्या बाकावरचा मुलगा. फळ्यावर प्रश्न पुरा उतरायच्या आत हा उत्तर फेकणार. दहातली चार चुकायची, पण फेकायचा तोरा असा की चुकलेलंसुद्धा ऐकत राहावं. गुण ऐंशीच्या आसपास. बाईंनी लिहिलं, 'विलक्षण चमक. मनावर घेतलं तर आभाळाला हात लावील.'

टाचणी त्यांना आठवलीच नाही असं नाही. टाचणी ही खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरची मुलगी. आईचं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे हिच्या गळपट्टीत नेहमी एखादी टाचणी अडकलेली, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. गणितात तीन वर्षं पहिली, पंच्याण्णवच्या खाली कधी आली नाही. पण बाईंच्या मनात आलं, पोर कष्टाळू आहे, बिचारी पायरीन् पायरी लिहिते; आणि हा वर्ग काही कष्टाळू मुलांसाठी नाही. एवढ्यावर विषय संपला. पत्रक हेडसरांच्या खणात गेलं.

बुधवारी शाळा सुटताना टाचणीची आई स्टाफरूमच्या दारात उभी. मागे टाचणी.

"बाई, एक सही हवी होती."

अर्ज होता कचेरीतल्या नोंदणीच्या कामाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, ही पुढे गणित घेणार नाही? अठ्ठ्याण्णव गुण आहेत तिला!"

"मीपण तेच म्हटलं. पण तीच म्हणते, आई, मला डोकं नाही, मी नुसती घासते. पुढे घासून भागत नाही." आईनं पदरानं कपाळ टिपलं. "आणि तुम्हीपण तेच लिहिताय की दर वर्षी, मेहनती म्हणून. तुमचा शेरा आमच्याकडे सगळे वाचतात हो. हिचे वडील तर चष्मा शोधून वाचतात."

"मेहनती म्हणजे काय वाईट आहे का?"

"छे, वाईट कशाला? आम्हाला अभिमानच आहे. पण बाई, माझ्याकडे पोरी येतात ना कामाला, त्यात कुणी मेहनती असते आणि कुणाच्या हातातच असतं. मेहनतीला मी काज-बटणाला बसवते. जिच्या हातात आहे तिच्याकडे कात्री देते. मला कळतो तो फरक. म्हणून म्हटलं, उगाच कशाला कात्री मागायची?"

बाईंना हे बोलणं कुठंतरी टोचलं. आता या पोरीला जरा बरं वाटेल असं काहीतरी करावं म्हणून त्यांनी हातातल्या कागदावरचा पहिला प्रश्न विचारला. रॉकेटच्या तयारीसाठी काढलेले प्रश्न होते ते. "हे बघ गं, सत्तेचाळीस खेळाडू आहेत. हरला तो बाद. एक विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? सावकाश कर, कागद घे."

"सेहेचाळीस," टाचणी म्हणाली.

बाईंचा हात कागद पुढे करता करता थांबला. रॉकेटनं सकाळी याच प्रश्नाला जोड्या लावत दोन पानं भरली होती आणि शेवटी "पन्नास धरा ना बाई" म्हणून मोकळा झाला होता.

"कसं काढलंस?"

"एक सोडून बाकीच्या सगळ्यांना एकदा हरावंच लागेल ना? आणि एका सामन्यात एकच हरतो." एवढं बोलून पोरीचा चेहरा एकदम उतरला. तिनं आईचा दंड धरला. "मी कुणाचं बघितलं नाही, बाई. खरंच नाही बघितलं. पायऱ्या लिहून देते हवं तर."

"अगं, बघितलंस असं कोण म्हणतंय?"

टाचणी खाली बघत हळूच म्हणाली, "सातवीत म्हणाला होतात. सहामाहीला. पाचव्या प्रश्नाला."

बाईंना काही म्हणजे काही आठवेना. अशा वेळी माणूस "मी? छे!" म्हणून हसण्यावारी नेतो; बाईंनीही नेलं. सही मात्र केली नाही. "अर्ज राहू दे माझ्याकडे दोन दिवस," म्हणाल्या, आणि मायलेकी दिसेनाशा झाल्यावर शिपाईमामांकडून रेकॉर्डच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

जुने पेपर शाळा तीन वर्षं ठेवते, मग रद्दी. सातवीच्या सहामाहीचा गठ्ठा रद्दीच्या वाटेवर, दाराशीच होता. दोरी सोडायला बाईंना तेवढा वेळ लागला नाही, जेवढा तो पेपर उघडायला लागला. पाचवा प्रश्न हौदाचा. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? टाचणीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोन तास', आणि खाली दोन ओळी: 'मोठा नळ म्हणजे दोन छोटे नळ. एकूण तीन छोटे नळ झाले.' त्यावर बाईंच्या लाल शाईतली तिरपी काट. 'रीत कुठे? कुणाचं पाहिलंस?' पाचपैकी शून्य.

सातवीतल्या मुलीनं समीकरणाच्या नादी न लागता नळच मोजून टाकले होते. ते समजायला बाईंना तेव्हा अर्धं मिनिट थांबावं लागलं असतं. त्या थांबल्या नव्हत्या.

एवढ्यावर उठल्या असत्या तर एक चूक म्हणून घरी गेल्या असत्या. पण गणिताच्या माणसाला पडताळा घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी रॉकेटचा पेपर शोधला. तोच प्रश्न. 'दोन तास.' त्याखाली काही नाही, एक ओळसुद्धा नाही. आणि शेजारी तीच लाल शाई: 'वा! पण रीत लिहावी.' पाचपैकी पाच.

एकच गठ्ठा, एकच संध्याकाळ, हातात एकच पेन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, पण इथं दोन्ही लेकरं आपलीच होती. बाईंनी बाकीचे पेपर चाळले, मग आठवीचे, मग नववीचे. मुलींच्या पेपरांवर 'छान', 'नीटनेटकं', 'सराव दिसतो'. मुलांच्या पेपरांवर 'वा', 'डोकं आहे', 'शाबास रे'. एका मुलीला त्यांनी 'हुशार' लिहिलं होतं, आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'पण आगाऊ'. त्या आधीच्या तेवीस वर्षांचे गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले होते. बाईंना भीती वाटली, आणि लाजही. कॉलेजातले ते प्राध्यापक इतकी वर्षं त्यांनी व्यासपीठावर उभे करून झोडपले होते. ते बिचारे निदान तोंडावर तरी बोलत.

दोन्ही पेपर त्यांनी पर्समध्ये घातले. गुरुवारी सकाळी हेडसरांपुढे बसल्या तेव्हा पर्स मांडीवर होती आणि चेन बंद होती. पेपर बाहेर काढायची वेळ न येता काम झालं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. उपमुख्याध्यापकपदासाठी त्यांचंच नाव वर गेलेलं होतं, हेही मनात नव्हतं असं कसं म्हणावं?

"नाव बदलायचंय?" हेडसर खुर्चीत मागे रेलले. "बाई, मुलाच्या वडिलांना कळवून झालंय. आणि तुम्हीच लिहिलंत ना, आभाळाला हात वगैरे?"

"मुलीला न्याय मिळाला नाही, सर. तिची बुद्धी त्याच्यापेक्षा जास्त आहे."

"मग तीन वर्षं मेहनती, मेहनती काय लिहीत होतात? संस्था मागचे शेरेही बघणार. ती म्हणेल, सोमवारपर्यंत मेहनती आणि गुरुवारी प्रतिभावान, मधे झालं काय?" हेडसर माणूस वाईट नव्हते, फक्त झाकली मूठ झाकलेली राहावी एवढीच त्यांची इच्छा असायची. "असं करू. दोघांची तोंडी घ्या, इथं, माझ्यासमोर. पाच प्रश्न, दहा मिनिटं. दूध का दूध होऊन जाईल."

बाईंना ते पटलं. कालचं सेहेचाळीस त्यांच्या कानात होतं. त्यांनी तिसऱ्या तासाला दोघांना बोलावून घेतलं आणि काय ठरवायचं आहे ते सरळ सांगितलं. टाचणीच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. त्या वर्गाविषयी तिला कुणी अक्षरानं बोललं नव्हतं.

आधी रॉकेट. पाचही प्रश्नांना फटाफट उत्तरं, सहा मिनिटांत मोकळा. तीन बरोबर, दोन साफ चूक. मग टाचणी. पहिला प्रश्न ऐकल्याबरोबर तिच्या पापण्या क्षणभर मिटल्या आणि उघडल्या. उत्तर आलेलं होतं. कालपर्यंत बाईंना ते दिसलं नसतं; आज स्पष्ट दिसलं. पण पोरीनं कागद ओढला, समास आखला, 'समजा' लिहिलं आणि एकेक पायरी उतरायला लागली.

"तोंडी सांग गं," बाई म्हणाल्या.

"हो बाई," म्हणाली, आणि लिहीत राहिली.

"उत्तर सांग आधी!"

तिनं मान हलवली आणि हात आणखी भरभर चालवला. पेनाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. दहा मिनिटं संपली तेव्हा तीन प्रश्न झाले होते, तिन्ही बिनचूक, खाली दुहेरी रेघ मारून.

"बघा," हेडसर हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, "तीनाला तीन. पण त्याची धडाडी बघा आणि हिचं बघा. मुलगी चांगलीच आहे हो. मेहनती आहे. तुमचा पहिला शेराच बरोबर होता."

पोरीचा तो कागद, त्यातला समास, ती दुहेरी रेघ, सगळं बाईंनी शिकवलेलं होतं. आता मूग गिळून गप्प बसलं तर उद्या दुपारी पत्रक जाणार होतं. त्यांनी पर्सची चेन ओढली आणि दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"सर, हे वाचा. मी चुकले आहे. एकदा नाही, कायम. हिनं उत्तर थेट लिहिलं तेव्हा मी तिला चोर ठरवलं. त्यानं थेट लिहिलं तर वा म्हटलं. तेव्हापासून ही पायऱ्या लिहिते, आणि पायऱ्या लिहिते म्हणून मी तिला मेहनती म्हणते. हवं तर हे पेपर पत्रकाला जोडा. मी लिहून सही करून देते."

हेडसर मूळचे भाषेचे. हौदाचं त्यांना फारसं कळलं नाही, पण लाल शाई कळली. त्यांनी एक पेपर वाचला, दुसरा वाचला आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

मुलं खोलीतच आहेत याचं भान बाईंना जरा उशिरानं आलं. टाचणी टेबलाजवळ आली होती. स्वतःच्या पेपरकडे तिनं पाहिलंही नाही. तो तिला पाठ होता. तिनं रॉकेटचा पेपर उचलला.

"ह्याला पाच दिलेत?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं होतं, नियमच आहे तसा. सगळ्यांना."

"मी तर, बाई," रॉकेट मागून म्हणाला, त्याचे कान लाल झाले होते, "सहा आणि तीन दिसले म्हणून भागून टाकलं होतं. हौदाचं मला अजूनपण नीट येत नाही."

एरवी या वाक्यावर अख्खा वर्ग हसला असता. टाचणी पेपर धरून उभी होती. "मला आधी उत्तर दिसतं," ती म्हणाली. बोलत कुणाशी होती कोण जाणे. "मग मी बसून त्याच्या पायऱ्या जुळवते. घरी आई म्हणते, केवढा वेळ घासतेस. मला वाटायचं, आपलं डोकंच चोरटं आहे. सरळ वाटेनं जातच नाही. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, आईलापण नाही."

बाईंना रडू आलं. हेडसरांसमोर, मुलांसमोर. त्यांनी ते आवरलं, कारण रडायचा हक्क त्या खोलीत त्यांचा नव्हता.

टाचणीनं पेपर खाली ठेवला, हातातलं पेन त्यावर ठेवलं आणि हाताची घडी घातली. "सर, परत विचारा. दुसरे प्रश्न. लिहायला नको मला."

हेडसरांनी बाईंचं पुस्तक ओढून मागची उत्तरं बोटानं धरून ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. साडेतीन वाजता घड्याळाच्या काट्यांत कोन किती? "पंच्याहत्तर अंश." हजाराचा वर्ग वजा नऊशे नव्व्याण्णवचा वर्ग? "एकोणीसशे नव्व्याण्णव." सत्तावीस छोटे ठोकळे जोडून एक मोठा ठोकळा केला, बाहेरून रंगवला, अजिबात रंग न लागलेले किती? "एक. मधला." चौथं बरोबर, पाचवंही. प्रश्न हेडसर विचारत होते, पण उत्तरं ती बाईंकडे बघून देत होती. आवाज चढलेला नव्हता. प्रत्येक उत्तर बाईंच्या तोंडावर बसत होतं आणि त्यांना मान वळवता येत नव्हती. अशी पोर पुढ्यात असावी म्हणून शिक्षक जन्मभर वाट बघतो. त्या तीन वर्षं तिच्या पुढ्यात उभ्या होत्या.

सहावा प्रश्न हेडसरांनी पुस्तकाच्या पार शेवटून काढला.

टाचणीनं थोडा विचार केला. "हा नाही येत," म्हणाली. माफी मागितली नाही, कागद मागितला नाही.

हेडसरांनी खणातून जुनं पत्रक काढून फाडलं आणि कोरं पुढे सरकवलं. "लिहा बाई." मग रॉकेटकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडिलांशी मी बोलतो." रॉकेटनं मान डोलावली. त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, आणि सुटल्यासारखंही.

पत्रकाला हात लावण्याआधी बाईंनी लाल पेन घेतलं. सातवीचा पेपर जवळ ओढला. निदान ते शून्य तरी खोडावं, पाच लिहावेत, तारीख घालावी. पेन टेकणार एवढ्यात टाचणीनं त्या जागेवर तळहात ठेवला.

"आता नको, बाई. आता देऊन मी काय करू? तसाच जोडा तो."

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. साध्या निळ्या शाईनं पत्रक लिहिलं, सावकाश, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच थांबत थांबत. आपण काय केलं तेही लिहिलं. सही केली, दोन्ही पेपर टाचले. नोंदणीच्या अभ्यासक्रमाचा तो बिनसहीचा अर्ज टाचणीच्या हातात दिला. "आईला सांग, उद्या मी दुकानात येते. त्यांच्याशी मलाच बोलायचंय." आणि मग आवाज जमेल तेवढा सांभाळून म्हणाल्या, "माफ कर गं मला."

या शाळेतल्या मुलींना कशालाही 'असू दे बाई' म्हणायची सवय आहे. वही हरवली, असू दे बाई. बसायला जागा नाही, असू दे बाई. बाई तेवढ्यासाठी थांबल्या.

टाचणीनं अर्जाची घडी घातली. "तास सुरू झालाय, जाऊ?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गेली.